अमेरिकेतल्या कॉलेजचा अर्ज: दहा उपक्रम, पाच सन्मान आणि कपाटातली फाईल

बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी ती फाईल निघते. पारदर्शक कप्प्यांची, बालवाडीतल्या फॅन्सी ड्रेसपासूनची सगळी प्रमाणपत्रं आईने एकावर एक लावून ठेवलेली. मुलगा किंवा मुलगी पहिल्या कप्प्यापासून अर्ज भरायला घेते आणि तासाभरात दोन गोष्टी कळतात. एक, कागद ढीगभर आणि रकाने मोजके. दोन, गेल्या चार वर्षांत ज्या गोष्टींत खरा वेळ गेला, त्यातल्या निम्म्यांचा कागदच कुणी दिलेला नाही.

ज्यांच्या शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात परदेशी प्रवेशाचं सांगणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लाखभर रुपये घेऊन 'प्रोफाईल बिल्डिंग' करून देणारे सल्लागार आहेत, पण यादी करायला त्यांची गरज नाही. एक शांत रविवार आणि थोडा निष्ठुरपणा पुरतो.

आधी रकाने मोजा

अमेरिकेतली हजाराहून अधिक कॉलेजं कॉमन अ‍ॅप नावाचा एकच सामाईक अर्ज घेतात. तो दरवर्षी १ ऑगस्टला नव्याने खुला होतो. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. त्यात उपक्रमांसाठी, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीजसाठी, जास्तीत जास्त १० जागा आणि सन्मानांसाठी, म्हणजे ऑनर्ससाठी, ५. प्रत्येक उपक्रमात तुमचं पद ५० कॅरेक्टरमध्ये (म्हणजे टाइप केलेल्या अक्षर-चिन्हांमध्ये), संस्थेचं नाव १०० मध्ये आणि काय केलं ते १५० मध्ये. रिकाम्या जागा आणि विरामचिन्हं त्यात धरलेली आहेत. म्हणजे इंग्रजीत जेमतेम वीस-पंचवीस शब्द. सन्मानाच्या नावाला १०० कॅरेक्टर मिळतात.

'युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया' गटातली सरकारी विद्यापीठं (बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे) कॉमन अ‍ॅप घेत नाहीत. त्यांचा अर्ज वेगळा. तिथे उपक्रम, पुरस्कार, नोकरी, स्वयंसेवा असं सगळं मिळून २० नोंदी आणि वर्णनाला ३५० कॅरेक्टर. अमेरिकेतल्या एमआयटीचाही (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) अर्ज स्वतःचा. तिथे उपक्रम चारच विचारतात. चार! एकदा ती चारची यादी करून बघा, दहाची यादी आपोआप सुधारते.

आणखी एक काम आत्ताच उरकून घ्या. प्रत्येक कॉलेज उपक्रमांना किती किंमत देतं, हे बऱ्याचदा त्याने स्वतःच जाहीर केलेलं असतं. कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' लिहून शोधा आणि त्या कागदातला सी-७ हा तक्ता काढा. मार्क, निबंध, शिफारसपत्रं, उपक्रम यांच्यापुढे 'फार महत्त्वाचं', 'महत्त्वाचं', 'विचारात घेतो' किंवा 'विचारात घेत नाही' अशी खूण असते. काही मोठ्या विद्यापीठांत उपक्रम 'विचारात घेतो' एवढ्यावरच थांबतात. तिथे महिनाभर डोकं खाजवत बसू नका, त्यापेक्षा मार्कांकडे बघा. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचा यूकास हा सामाईक अर्ज तर पूर्ण वेगळ्या वळणाचा. तिथे तुम्ही निवडलेल्या विषयाबद्दल काय वाचलं, काय केलं हे मुख्य. क्रिकेटची कप्तानी शेवटच्या दोन ओळींत.

फाईल मिटा, आठवडा उघडा

कोऱ्या कागदावर नववीच्या जूनपासून आजपर्यंतचे महिने लिहा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न: शाळा-कॉलेज-क्लास सोडून त्या महिन्यात माझे तास कुठे गेले? प्रमाणपत्र आहे की नाही, हे या टप्प्यावर विचारायचंच नाही. घरच्यांना शेजारी बसवा, कारण रोज केलेलं काम आपल्याला काम वाटतच नाही.

या कागदावर जे येतं ते फाईलमध्ये कधी सापडत नाही. आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणं. धाकट्या बहिणीचा अभ्यास. आईच्या पोळी-भाजी केंद्राचे हिशेब. सोसायटीतल्या काकांना यूपीआय शिकवता शिकवता अख्ख्या इमारतीचा तंत्रज्ञ होऊन बसणं. मराठी घरातल्या मुलांना हे लिहायला लाज वाटते. 'घरचं काम काय अर्जात लिहायचं?' तर लिहायचं. कॉमन अ‍ॅपमधल्या उपक्रमांच्या प्रकारांत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा स्वतंत्र प्रकार आहे आणि 'पगारी काम' असाही आहे. ज्या मुलाचे संध्याकाळचे तीन तास दुकानाच्या गल्ल्यावर जातात, त्याच्याकडून अर्ज वाचणारा माणूस रोबोटिक्स क्लबची अपेक्षा करत नाही. पण गल्ल्याबद्दल लिहिलंच नाही, तर त्या जागी त्याला नुसती पोकळी दिसते.

ढोल-ताशा पथकाचंही तेच. पुण्यातली कितीतरी मुलं पावसाळ्याचे दोन महिने रोज संध्याकाळी सरावाला असतात, विसर्जन मिरवणुकीत तासन्‌तास वाजवतात, नव्या वादकांना हात (वाजवायचे ठेके) शिकवतात. आणि अर्जात त्याऐवजी एका दिवसाच्या ऑनलाइन वेबिनारचं प्रमाणपत्र टाकतात. का, तर वेबिनारचा कागद इंग्रजीत आहे म्हणून.

आता गाळा

इथे हात जड होतो, म्हणून नियम कडक ठेवा.

नववीच्या आधीचं सगळं बाहेर. अर्जात इयत्ता विचारतात त्या नववीपासूनच्याच. पाचवी-आठवीच्या शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीतलं नाव कितीही अभिमानाचं असलं तरी ते इथे येत नाही. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावीत आणि नववीत होते. नववीचं पदक चालेल, सहावीचं नाही. चित्रकलेची इंटरमिजिएट नववीत दिली असेल तर चालेल, सातवीतली एलिमेंटरी नाही. अपवाद एकच: सातव्या वर्षी सुरू केलेला तबला आजही चालू असेल, तर नोंद नववीपासूनची आणि वर्णनात 'सातव्या वर्षापासून' हे दोन शब्द.

नुसत्या सहभागाची प्रमाणपत्रं बाहेर. परीक्षेला बसणं हा सन्मान नाही.

एकदाच केलेलं बाहेर. दिवाळीत अनाथाश्रमात फराळ वाटला, पर्यावरणदिनी रोप लावून फोटो काढला. चांगलं केलंत, पण तो उपक्रम झाला नाही. तेच रोप तीन उन्हाळे पाणी घालून जगवलं असेल आणि टेकडीवर दर रविवारी जाणाऱ्या गटात तुम्ही असाल, तर तो झाला.

पैसे भरले की मिळणारं बहुतेक बाहेर. 'आपली निवड झाली आहे' अशी ईमेल आली आणि तिच्याखालीच शुल्काचा आकडा असला, तर निवड तुमची नाही, तुमच्या वडिलांच्या खात्याची झालेली असते. उन्हाळी शिबिरात खरोखर काही शिकला असाल तर ते उपक्रमात लिहा, सन्मानात नको. शुल्क घेऊन काहीही छापणारी संशोधनपत्रिका, कुठल्याशा 'विक्रमांच्या पुस्तकातलं' नाव यांचंही तेच. अर्ज वाचणाऱ्यांचं हे रोजचं काम आहे आणि भारतातून येणारे अर्ज वाचणारा माणूस अनेक ठिकाणी ठरलेला असतो. त्याला ही नावं पाठ असतात.

आणि ते फाउंडेशन. अकरावीच्या सुट्टीत स्थापन केलेलं, लोगो असलेलं, इन्स्टाग्रामवर नऊ पोस्ट असलेलं, 'वंचितांचं सक्षमीकरण' करणारं. संस्थापक व अध्यक्ष: तुम्ही. सदस्य: तुमचे तीन मित्र, जे आपापल्या फाउंडेशनचे अध्यक्ष आहेत. माझं मत विचाराल तर हे पूर्ण गाळा. वस्तीतल्या एखाद्या अभ्यासिकेत दोन वर्षं दर शनिवारी गणित शिकवणारा साधा स्वयंसेवक याच्यापुढे कितीतरी उजवा ठरतो. तिथे पद नाही, पण शनिवार खरे आहेत.

पाच सन्मान कोणते

सन्मानाच्या प्रत्येक नोंदीला इयत्ता आणि पातळी विचारतात: शाळा, राज्य/प्रादेशिक, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय. आपल्याकडची तालुका-जिल्हा-विभाग-राज्य ही शिडी तिथे नाही. जिल्हा, विभाग, राज्य हे सगळं 'राज्य/प्रादेशिक' या एकाच खणात जातं. म्हणून नेमकी पायरी नावातच लिहा: 'शालेय क्रीडा स्पर्धा, खो-खो, विभागस्तर, उपविजेता संघ'.

पातळी स्पर्धेच्या नावावरून ठरवू नका. नावात 'इंटरनॅशनल ऑलिम्पियाड' असलं तरी शाळेतच बसून, शुल्क भरून दिलेल्या खासगी परीक्षेतला क्रमांक वेगळा, आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ऑलिम्पियाडची साखळी वेगळी. गणितात आयओक्यूएम ही पहिली चाळणी, मग आरएमओ ही प्रादेशिक फेरी, मग आयएनएमओ ही राष्ट्रीय फेरी. यातली आयएनएमओपर्यंत मजल मारलेली एक ओळ खासगी परीक्षांच्या सगळ्या सुवर्णपदकांना भारी पडते. ती पदकं सोडून दुसरं काही नसेल तर त्यातलं सर्वांत चांगलं एकच घ्या. पाच जागा खासगी ऑलिम्पियाडच्या पाच विषयांनी भरलेला अर्ज पाहिला की मला कसंतरीच होतं.

आपल्या परीक्षांची नावं तिकडे कुणाला ठाऊक नसतात, त्यामुळे नाव आणि ओळख एकाच दमात द्यावी लागते. 'मध्यमा पूर्ण, प्रथम श्रेणी' या शब्दांतून ओहायोत बसलेल्या माणसाला काहीच कळणार नाही. 'हिंदुस्थानी गायन, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची पाचवी परीक्षा, प्रथम श्रेणी' यातून कळतं. 'इंटरमिजिएट ए ग्रेड' ऐवजी 'महाराष्ट्र शासनाची चित्रकला परीक्षा, सर्वोच्च श्रेणी'. किती जणांतून निवड झाली हा आकडा आयोजकांनी छापून दिला असेल तरच घाला. अंदाजाने 'दहा हजारांतून' लिहायचं नाही.

पाच जागा भरल्याच पाहिजेत असं नाही. दोन खऱ्या असतील तर दोन. उलट सातआठ असतील, तर ज्या पुरस्काराचा संबंध एखाद्या उपक्रमाशी आहे तो उपक्रमाच्या वर्णनात घाला. राज्य बालनाट्य स्पर्धेतलं अभिनयाचं प्रमाणपत्र नाटकाच्या नोंदीत सहज मावतं. एकच गोष्ट दोन्हीकडे लिहून जागा मात्र वाया घालवू नका.

क्रम लावा

कॉमन अ‍ॅप सांगतं की उपक्रम तुमच्या लेखी असलेल्या महत्त्वाच्या क्रमाने लावा. वाचणारा पहिले तीन-चार नीट वाचतो, पुढे नजर वेग घेते. तेव्हा वर्षानुक्रम नको आणि पदांचा मानही नको. ज्यात तास जास्त, जबाबदारी वाढत गेलेली आणि ज्याबद्दल मुलाखतीत दहा मिनिटं न अडखळता बोलता येईल, ते वर.

इंजिनीअरिंगला जाणाऱ्याने सगळं विज्ञानच दाखवायला हवं, असा एक समज पसरलेला आहे. पहिल्या चारांत विषयाशी नातं सांगणारं एखादं असावं, बस. मल्लखांबात चार वर्षं काढलेली मुलगी संगणकशास्त्राला अर्ज करते आहे, तर मल्लखांब पहिल्या क्रमांकावर ठेवायला काहीच हरकत नाही.

सुटेसुटे किरकोळ तुकडे एकत्र बांधा. चार वक्तृत्व स्पर्धा, दोन वादविवाद, गॅदरिंगचं सूत्रसंचालन या सगळ्याची मिळून एक नोंद होते. उलट, एकाच छंदात दोन वेगळी कामं असतील (स्वतः गाणं आणि लहान मुलांना शिकवणं) आणि दोन्हींना वेगळे तास जात असतील, तर दोन नोंदी करायला मोकळीक आहे.

दीडशे कॅरेक्टरमध्ये काय मावतं

एक उदाहरण घेऊ. समजा, निफाडजवळचा एक मुलगा आहे. घरची अडीच एकर द्राक्षबाग. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची बाग ग्रेपनेट या सरकारी प्रणालीत नोंदवावी लागते आणि काढणीआधी मालात औषधांचे अंश किती, याची तपासणी होते. त्यामुळे कुठलं औषध, किती मात्रेत, कोणत्या तारखेला मारलं याची नोंदवही चोख लागते. वडिलांचं इंग्रजी बेताचं, म्हणून नववीपासून वही या मुलाकडे. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत मजुरांची हजेरीही तोच लावतो.

पहिल्यांदा त्याने ही नोंद यादीत धरलीच नव्हती, असं समजा. आग्रह केल्यावर लिहिलं: 'वडिलांना शेतीत मदत करतो. शेतीची आवड आहे. यातून मेहनत, शिस्त आणि जबाबदारी यांचं महत्त्व शिकलो.'

यात एकही गोष्ट डोळ्यांपुढे येत नाही. शेतकऱ्याचा कुठलाही मुलगा, कुठलंही गाव. आता दुसरा खर्डा: 'अडीच एकर निर्यातक्षम द्राक्षबागेची फवारणी नोंदवही ठेवतो, तपासणीची कागदपत्रं इंग्रजीत भरतो, छाटणीत मजुरांची हजेरी व मजुरी.' पदाच्या रकान्यात 'मदतनीस' नाही, तर 'नोंदी व हजेरी सांभाळणारा'. प्रकार: कौटुंबिक जबाबदाऱ्या. अर्जात हे अर्थात इंग्रजीत जाईल, पण आधी मराठीत असं घट्ट करून घ्या. भाषांतर करताना पसरट व्हायची भीती कमी होते.

दुसऱ्या खर्ड्यात 'शिकलो' नाही आणि 'आवड' नाही. क्रियापदं कामाची आहेत: ठेवतो, भरतो. 'मी'ही गाळला आहे. या रकान्यात अर्धी वाक्यं चालतात. संस्थेचं नाव संस्थेच्या रकान्यात आलेलं असतं, ते वर्णनात पुन्हा लिहून वीस कॅरेक्टर घालवू नयेत. आकडा एखादाच, पण खरा. भावना, शिकवण, आजोबांचं वाक्य यांच्यासाठी निबंध आहे.

तासांचा हिशेब

प्रत्येक उपक्रमाला आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे विचारतात आणि घोटाळा बहुतेकदा इथेच होतो. दहा उपक्रमांपुढे प्रत्येकी १० तास लिहिले की आठवड्याचे १०० झाले. आठवड्यात तास १६८. सात-सात तासांची झोप काढली की उरले ११९. म्हणजे कॉलेज, क्लास, प्रवास, जेवण आणि अंघोळ मिळून १९ तासांत! वाचणारा ही बेरीज तोंडी करतो.

हंगामी काम तसंच दाखवा. ढोल पथकाचे ८ आठवडे, आठवड्याला १२ तास. त्याला ५२ आठवड्यांत ताणायची गरज नाही. बागेसारखं वर्षभराचं पण कमीजास्त होणारं काम असेल तर एकूण तास काढून आठवड्यांनी भागा. दहावी-बारावीच्या परीक्षेआधी सराव बंद होता, तर ते आठवडे वजा करा. प्रत्येक नोंदीत 'कॉलेजात हे पुढे चालू ठेवणार का?' असंही विचारतात. खरं उत्तर द्या. द्राक्षबागेपुढे 'हो' लिहून हसं करून घेऊ नका.

जेईईच्या क्लासचं काय, हे हमखास विचारलं जातं. अकरावी-बारावीची दोन वर्षं ज्यांची त्यातच गेली, त्यांनी क्लासला उपक्रम म्हणून दाखवू नये. अतिरिक्त माहितीच्या रकान्यात दोन सरळ वाक्यं लिहावीत: आठवड्याला इतके तास प्रवेशपरीक्षेच्या तयारीला गेले, म्हणून अकरावीनंतर अमुक बंद केलं. तक्रारीचा सूर नको.

पाठवण्याआधी

यादी अशा माणसाला वाचायला द्या जो तुम्हाला ओळखतो, पण तुमचं कौतुक करत नाही. मोठं चुलत भावंड उत्तम. प्रत्येक ओळीवर त्याने 'म्हणजे काय केलंस?' एवढंच विचारायचं. उत्तर देताना जे शब्द तोंडून निघतील ते बहुतेक वेळा लिहिलेल्यापेक्षा चांगले असतात. तेच उतरवून घ्या.

मग तीच यादी, दोन-दोन ओळींच्या खुलाशासह, शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांना आणि शाळेच्या वतीने फॉर्म भरणाऱ्या मुख्याध्यापकांना किंवा प्राचार्यांना द्या. साठ-सत्तर जणांच्या तुकडीत तुमची बाग त्यांना कशी ठाऊक असणार? अर्जात 'विद्यार्थी परिषदेचा सचिव' आणि सरांच्या पत्रात 'शांत, अबोल मुलगा' असं झालं तर प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. शेवटी सही करताना दिलेली माहिती खरी असल्याचं तुम्ही लिहून देता, आणि ती खोटी निघाली तर मिळालेला प्रवेशही काढून घेता येतो. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी एक कागद, फोटो किंवा फोन उचलू शकेल असा माणूस मनाशी धरून ठेवा. अर्जाला प्रमाणपत्रं जोडायची नसतात, पण कुणी विचारलं तर शोधाशोध नको.

पाठवण्याआधी पीडीएफमध्ये अर्ज उघडून उपक्रमांचं पान पूर्ण वाचा. एका कॉलेजला पाठवलेली प्रत नंतर बदलता येत नाही, मात्र पुढच्या कॉलेजला पाठवण्याआधी यादीत दुरुस्ती करता येते. डिसेंबरात एखादं मोठं यश मिळालं तर ज्यांना अर्ज गेला आहे त्या कॉलेजच्या पोर्टलवर किंवा प्रवेश विभागाच्या ईमेलवर चार ओळींत कळवा. मोठं म्हणजे आयएनएमओसाठी निवड होण्यासारखं. गॅदरिंगमधलं उत्तेजनार्थ बक्षीस नाही.